लडाखच्या शीत वाळवंटात ॲलर्जी आणि सायनसचा त्रास : कारणे, उपाय आणि दक्षता

हिमालयाच्या पर्जन्यछायेत वसलेला लडाख हा देशातील सर्वांत मोठा शीत वाळवंटी प्रदेश आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा असलेल्या या भूभागातील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पर्जन्य होते. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे हवामानही बरेचसे असेच आहे. या प्रदेशांतील रहिवासी, तेथे तैनात असलेले जवान आणि उन्हाळ्यात देशभरातून जाणारे पर्यटक यांना नाकाच्या तक्रारी वारंवार जाणवतात. नाक कोरडे पडणे किंवा चोंदणे, लागोपाठ शिंका येणे, कपाळ आणि गाल जड होणे, नाकातून रक्त येणे ही त्यांची सामान्य रूपे होत.

या सर्व तक्रारींना 'सायनस झाला' असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यामागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात : हवेतील कोरडेपणा, ॲलर्जी, जंतुसंसर्ग आणि उंचीवरील विरळ हवा. प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. त्यातही चौथे कारण ओळखण्यात चूक झाल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून उपायांपूर्वी कारण समजून घेणे आवश्यक आहे.

नाकाचे कार्य आणि कोरडी हवा

श्वासावाटे घेतलेली हवा फुप्फुसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती गाळणे, ऊबदार करणे आणि तिच्यात ओलावा मिसळणे ही नाकाची प्रमुख कामे आहेत. नाकाच्या आतील श्लेष्मल त्वचेवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. हवेतील धूळ, परागकण आणि जंतू त्यात अडकतात. या त्वचेवरील सूक्ष्म रोमके सतत हालचाल करून हा थर घशाकडे ढकलत असतात. गाल, कपाळ, डोळ्यांमधला भाग आणि नाकाच्या मागील बाजूस असलेल्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्यांना सायनस म्हणतात. या पोकळ्यांतील स्रावही अरुंद वाटांनी नाकातच उतरतो. या वाटा सुजेने बंद झाल्या की स्राव साचतो आणि चेहऱ्यावर दडपण जाणवते.

थंड हवा मुळातच फार थोडी वाफ धरून ठेवू शकते. उणे १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त दोन ते अडीच ग्रॅम वाफ मावते. २० अंश तापमानाला हेच प्रमाण सुमारे १७ ग्रॅम असते. त्यामुळे हिवाळ्यात बाहेरची हवा घरात येऊन बुखारीने किंवा हीटरने तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १० ते १५ टक्क्यांपर्यंत घसरते. मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. कोकणपट्टीतून लेहला विमानाने पोहोचणाऱ्या व्यक्तीच्या नाकाला हा बदल काही तासांतच सहन करावा लागतो. श्लेष्मा घट्ट होतो, रोमकांची गती मंदावते, नाकात खपल्या धरतात आणि त्या निघताना रक्त येते. ॲलर्जी नसलेल्या माणसालाही असा त्रास होतो. हा त्रास ॲलर्जीच्या गोळ्यांनी कमी होत नाही. काही जुन्या गोळ्यांनी तर नाक आणि घसा अधिकच कोरडा पडतो.

ॲलर्जी ओळखण्याच्या खुणा

शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून प्रतिक्रिया देते, त्यास ॲलर्जी म्हणतात. पराग, धूळ किंवा प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा नाकात शिरताच विशिष्ट पेशींतून हिस्टामिन हे द्रव्य बाहेर पडते. त्यामुळे शिंका, पाण्यासारखा स्राव, खाज आणि सूज उद्भवते.

ॲलर्जीची सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे खाज. नाक, डोळे आणि टाळू खाजणे, डोळ्यांतून पाणी येणे, एकापाठोपाठ शिंका येणे, ताप नसणे आणि ठरावीक ऋतूत किंवा ठरावीक ठिकाणी त्रास पुन्हा होणे ही लक्षणे ॲलर्जीकडे निर्देश करतात. लक्षणे आठवड्यातून चारपेक्षा अधिक दिवस आणि सलग चारपेक्षा अधिक आठवडे राहिली, तर ती चिवट स्वरूपाची ॲलर्जी मानली जाते. झोप, अभ्यास किंवा काम यांत व्यत्यय येत असेल, तर ती मध्यम ते तीव्र समजून नियमित उपचार केले जातात.

ऋतू आणि वनस्पती

वाळवंटात झाडे थोडी, म्हणून परागही नसणार, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. लडाखमधील वस्ती नद्या आणि कालव्यांच्या काठाने एकवटलेली आहे आणि झाडे, शेते व माणसे तेथे एकमेकांच्या निकट आहेत. घरबांधणी आणि जळण यांसाठी लावलेले पॉपलर व विलो हे वृक्ष वसंत ऋतूत फुलतात. उन्हाळ्यात गवतांचा मोसम येतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दवण्याच्या प्रजातीतील रानटी झुडपे आणि चाकवताच्या कुळातील, खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती पराग सोडतात. या दोन्ही गटांचे पराग वाऱ्यावर दूरवर पसरतात आणि जगातील अनेक कोरड्या प्रदेशांत ते ॲलर्जीचे परिचित कारण आहेत. परागांचा नेमका काळ उंचीनुसार आणि त्या वर्षीच्या हवामानानुसार मागेपुढे होतो.

याबाबत दोन गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पॉपलरच्या झाडांवरून उडणारा कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पराग नव्हे. ते त्या झाडाचे बी वाहून नेणारे तंतू असतात. त्यांनी नाकाला टोचल्यासारखे होते आणि त्यांच्यावर इतर पराग व धूळ चिकटलेली असू शकते, परंतु खुद्द पॉपलरचे पराग हा कापूस दिसण्यापूर्वीच हवेत येऊन गेलेले असतात. दुसरा गैरसमज जर्दाळूच्या बहराविषयी आहे. एप्रिलमध्ये पर्यटकांना आकर्षित करणाऱ्या या फुलांचे पराग जड व चिकट असून त्यांचे वहन मुख्यतः कीटक करतात. डोळ्यांना ठळक दिसणारे फूल हेच त्रासाचे मूळ असेल, असे नाही. बहुधा ते शेजारच्या, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या झाडात किंवा गवतात असते.

धूळ आणि धूर

वसंतात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वाहणारे जोरदार वारे उघड्या जमिनीवरील बारीक धूळ उचलतात. ही धूळ ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीच्या नाकालाही चुरचुरवते आणि ॲलर्जी असलेल्यांचा त्रास वाढवते. सुगीच्या काळात जवाची मळणी आणि उफणणी करताना उडणारा भुसा हेही शेतकऱ्यांच्या त्रासाचे एक कारण आहे. लडाखच्या खेड्यांतील धूळ हा केवळ नाकाचा प्रश्न नाही. कोणत्याही खाणीत काम न केलेल्या ग्रामस्थांच्या फुप्फुसांत वाळूच्या सूक्ष्म कणांमुळे होणारा सिलिकोसिस आढळल्याचे अभ्यास १९९१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे धुळीपासून बचाव ही नाकाइतकीच फुप्फुसांचीही काळजी आहे.

हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद ठेवून लाकूड, शेणी किंवा रॉकेलवर घर तापवले जाते. धुराड्याला गळती असल्यास धूर खोलीतच कोंडतो. यामुळे ऐन हिवाळ्यात, परागांचा मोसम नसतानाही नाक चोंदलेले राहते. धुराडे दरवर्षी साफ करून सांधे तपासणे आणि खोलीत हवा येण्यासाठी लहानशी फट ठेवणे हे उपाय कोणत्याही औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू ओढवू शकतो.

उंचीचा एक लाभ

या हवामानाची एक जमेची बाजूही आहे. दमट प्रदेशांतील वर्षभराच्या ॲलर्जीचे मोठे कारण म्हणजे गाद्या, उशा आणि गालिचे यांत वाढणारे धुळीतील सूक्ष्म कीटक, ज्यांना माइट म्हणतात. हे कीटक हवेतील ओलाव्यावर जगतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली की त्यांची संख्या घटते. बुरशीलाही कोरडी हवा मानवत नाही. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे दम्याच्या रुग्णांना उंचीवरील हवेत ठेवून उपचार करण्याची परंपरा निर्माण झाली, त्यामागे हे एक कारण होते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील एखाद्या माइटच्या ॲलर्जीच्या रुग्णाला लडाखमध्ये काही दिवसांनी बरे वाटू लागल्यास आश्चर्य वाटू नये. मात्र त्यावरून औषधे परस्पर बंद करणे योग्य नाही.

खोलीत ओलावा वाढवतानाही हे ध्यानात ठेवावे. घरातील आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांदरम्यान असणे नाकाला हितकारक असते. आर्द्रता वाढवणारे यंत्र वापरत असल्यास ते दररोज धुवावे आणि मर्यादेबाहेर चालवू नये. अन्यथा भिंतींवर बुरशी धरते आणि टाळलेले माइट पुन्हा घरात येतात.

डोकेदुखी : सायनस की उंचीचा आजार?

लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो. विमानाने थेट येणाऱ्यांना पहिल्या दिवशी-दोन दिवशी डोके दुखणे, मळमळ, थकवा, चक्कर आणि निद्रानाश जाणवू शकतो. हा विरळ हवेचा आजार आहे. नाक चोंदलेले असल्यामुळे अनेक जण हे दुखणे सायनसच्या खाती टाकतात, वेदनाशामक गोळी घेतात आणि दुसऱ्याच दिवशी आणखी उंच खिंडीकडे निघतात. ही चूक घातक ठरू शकते.

सायनसच्या दुखण्यात नाकातून घट्ट स्राव येणे, वास न येणे आणि गाल किंवा कपाळाच्या एका भागात दडपण असणे ही लक्षणे सोबत असतात. वाकल्यावर वेदना वाढते. उंचीच्या आजारात मळमळ, भूक मंदावणे आणि विलक्षण थकवा असतो. शंका असल्यास नियम एकच : उंचीवर पोहोचल्यानंतरची डोकेदुखी ही अन्य कारण सिद्ध होईपर्यंत उंचीमुळे झाली असे मानावे, विश्रांती घ्यावी आणि अधिक उंचीवर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, गुलाबी फेस, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ ही फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचत असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी विलंब न करता प्राणवायू देणे, रुग्णालयात नेणे आणि कमी उंचीवर उतरवणे आवश्यक असते.

घरच्या घरी घ्यावयाची काळजी

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा सर्वांत साधा आणि उपयुक्त उपाय आहे. हठयोगातील जलनेती याच स्वरूपाची आहे. त्याने खपल्या मऊ होतात आणि अडकलेली धूळ व पराग वाहून जातात. अर्धा लिटर पाण्यात सपाट भरलेला लहान चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ पुरते. चुरचुर होत असल्यास चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा.

पाणी कोणते, हा येथे कळीचा प्रश्न आहे. नळाचे किंवा ओढ्याचे पाणी थेट नाकात घेऊ नये. दूषित पाणी नाकावाटे गेल्यास क्वचित प्रसंगी त्यातील अमीबा मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये आढळलेल्या अशा रुग्णांमुळे या धोक्याची देशभर चर्चा झाली. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. म्हणून दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर पाणी खळखळून किमान तीन मिनिटे उकळावे, मग कोमट करून वापरावे. वापरलेले भांडे धुऊन कोरडे ठेवावे.

याशिवाय पुढील सवयी लाभदायक ठरतात :

बाहेर पडताना नाक-तोंड सुती किंवा लोकरी कापडाने झाकावे. श्वासातील ओलावा कापडात टिकून पुढचा श्वास ऊबदार होतो. धुळीसाठी मात्र नीट बसणारा मास्क अधिक उपयुक्त असतो.

वारा सुटण्याच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात. बाहेरून आल्यावर तोंड धुवावे, कपडे बदलावेत आणि झोपण्यापूर्वी केस झटकून किंवा धुऊन घ्यावेत. परागांच्या मोसमात कपडे उघड्यावर वाळवू नयेत.

झाडताना आधी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे.

नाकाच्या पुढच्या भागात मिठाच्या पाण्याचे जेल लावल्यास खपल्या कमी होतात. नाक कोरू नये.

नाकातून रक्त आल्यास मान मागे टाकू नये. किंचित पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा.

गरम पाण्याची वाफ घेतल्याने तात्पुरते मोकळे वाटते, परंतु त्याने आजार बरा होत नाही. मुलांना वाफ देताना भाजण्याचे अपघात घडतात. त्यामुळे लहान मुलांसाठी हा उपाय टाळणेच इष्ट.

औषधे : काय, केव्हा, किती

मध्यम ते तीव्र ॲलर्जीत नाकात मारावयाचे स्टेरॉइडचे फवारे, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड, हे सर्वाधिक परिणामकारक मानले जातात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून त्रासाचा मोसम ठाऊक असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे आधीच ते सुरू करावेत. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने मारावा. कोरड्या हवेत पडद्यावर मारलेल्या फवाऱ्याने रक्त येण्याची शक्यता वाढते. आधी नाक धुऊन नंतर फवारा वापरणे उत्तम.

शिंका आणि खाज यांसाठी सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीच्या गोळ्या दिल्या जातात. यांपैकी सेटिरिझिनने काहींना झोप येते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते आणि नाक-घसा कोरडा पडतो. घाटरस्त्यांवर वाहन चालवणाऱ्यांनी ती टाळावीत. उंचीवरील पहिल्या काही दिवसांत गुंगी आणणारी औषधे, झोपेच्या गोळ्या आणि मद्य ही तिन्ही वर्ज्य समजावीत.

नाक क्षणात मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. त्यापुढे त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदू लागते आणि रुग्णाला त्यांची सवय जडते. सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतील फिनाइलेफ्रिन पोटातून घेतल्यास चोंदलेल्या नाकावर प्रभावी नसते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे निर्देश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी नाक मोकळे करणारी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

प्रतिजैविकांचा वापर विचारपूर्वक व्हावा. सायनसचा तात्कालिक दाह बहुतांशी विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. हिरवट-पिवळा स्राव एवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. दहा दिवसांनंतरही सुधारणा नसणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा बिघडणे किंवा सुरुवातीपासून तीव्र ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्याची वेदना सलग तीन-चार दिवस असणे, या स्थितींत प्रतिजैविकांचा विचार केला जातो. बारा आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या त्रासासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते.

दरवर्षी उपचार घेऊनही त्रास आटोक्यात येत नसल्यास त्वचेवरील चाचणीने कारण शोधून, त्याच पदार्थाच्या वाढत्या मात्रा देणारी प्रतिकारचिकित्सा करता येते. या पद्धतीचा पहिला वैद्यकीय अहवाल लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला. हा उपचार साधारण तीन ते पाच वर्षे चालतो आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो.

लडाखमधील अनेक कुटुंबे सोवा-रिग्पा या परंपरागत पद्धतीच्या वैद्यांचा, अर्थात आमचींचा सल्ला घेतात. या पद्धतीस २०१० मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. दोन्ही प्रकारची औषधे सुरू असल्यास आमची आणि डॉक्टर या दोघांनाही त्याची कल्पना द्यावी.

प्रवाशांसाठी

नाक पूर्ण चोंदलेले असताना विमान प्रवास केल्यास उतरताना कान आणि सायनसमध्ये तीव्र वेदना होऊ शकतात. शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलावा. लेहला पोहोचल्यावर पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी. उंचीच्या आजारासाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे सल्फा गटाशी संबंधित औषध आहे. त्यामुळे सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ते घेण्यापूर्वी डॉक्टरांना तशी माहिती द्यावी. दमेकऱ्यांनी नेहमीची औषधे आणि पंप हातातील पिशवीत, अंगाच्या उबेजवळ ठेवावेत.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, दोन-दोन दिसणे, दृष्टी अधू होणे, असह्य डोकेदुखीसोबत मान ताठरणे, तीव्र ताप किंवा २० मिनिटांनंतरही न थांबणारा रक्तस्राव ही धोक्याची लक्षणे आहेत. मधुमेही रुग्णांनी विशेष सावध राहावे. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने सायनसवाटे डोळे आणि मेंदूपर्यंत मजल मारली होती. नाकात काळसर खपली, गालाला बधिरता किंवा एका बाजूच्या चेहऱ्याला सूज असल्यास एक दिवसही थांबू नये.

शीत वाळवंटातील कोरडी हवा, वारा आणि उंची बदलणे माणसाच्या हाती नाही. मात्र धूर घराबाहेर ठेवणे, उकळलेल्या पाण्याने नाक स्वच्छ राखणे, औषध योग्य वेळी आणि योग्य मुदतीपुरते घेणे हे प्रत्येकाला शक्य आहे. शिंका आणि चोंदलेले नाक धीराने हाताळता येते. उंचीवर उद्भवलेली धाप आणि ढळलेला तोल यांना मात्र थांबायला वेळ नसतो. हा फरक घरातील आणि प्रवासातील प्रत्येक व्यक्तीला ठाऊक असणे, हीच या प्रदेशातील सर्वांत मोठी दक्षता होय.